व्यावसायिक गटातली पोरगी

पुरुषोत्तम काकांच्या हातात माइक देऊ नये. इथे अमेरिकेत, अल्फारेटातल्या सगळ्या मराठी माणसांना हे पक्कं माहीत आहे, आणि तरीही आमच्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात माइक त्यांच्याच हातात असतो. कारण सत्कार करावा तर काकांनीच. कालपरवा नोकरीला लागलेल्या पोराला ते ‘संगणक क्षेत्रातलं अग्रगण्य नाव’ म्हणतात. घरी चकल्या करून देणारी बाई त्यांच्या तोंडी ‘सुप्रसिद्ध उद्योजिका’ होते. मला एकदा स्टेजवर ‘आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या कायदेपंडित’ म्हणाले होते. तेव्हा माझ्याकडे सगळ्यात मोठी केस होती ती शेजाऱ्याच्या कुंपणाची. मी हसले, शाल घेतली, नारळ पर्समध्ये कोंबला आणि घरी आले. सत्काराच्या भाषणावर कोणी हरकत घेतं का?

पण गेल्या पाडव्याला काकांनी असा काही सत्कार केला की त्यापायी एका पोरीला कोर्टाची पायरी चढावी लागली. आणि तिची वकील मी.

पोरीचं नाव सुवर्णा तायडे. बुलढाणा जिल्ह्यातली. वडील भानुदास तायडे सूतगिरणीत फिटर. पोरगी उंच, खांदे भक्कम, बोलणं मोजकं. इथल्या युनिव्हर्सिटीत व्हॉलीबॉलच्या स्कॉलरशिपवर शिकायला आली आणि तीन वर्षं त्या टीमची जान होऊन बसली. चौथं वर्ष राहिलं होतं. कॉलेजकडून खेळायचं शेवटचं वर्ष आणि डिग्रीचंही शेवटचंच.

जुलैमध्ये ती माझ्या ऑफिसात आली. डोळे सुजलेले, पण रडत नव्हती.

“ताई, मला अपात्र ठरवलंय,” ती म्हणाली. “म्हणतात, मी प्रोफेशनल होते.”

“कसली प्रोफेशनल?”

तिने फोन पुढे केला. मंडळाच्या यूट्यूब चॅनलवरचा पाडव्याचा व्हिडिओ. स्टेजवर काका, अंगात जाकीट, हातात माइक. आणि इथे वाढलेल्या पोरांना कळावं म्हणून त्या दिवशी सत्कार इंग्रजीतून! दणदणीत आवाजात सांगत होते, ही मुलगी भारतात एका मोठ्या कंपनीतर्फे दोन वर्षं प्रोफेशनल डिव्हिजनमध्ये खेळलेली प्रोफेशनल प्लेयर आहे. शेजारी सुवर्णा, खांद्यावर शाल, हातात नारळ, मान डोलावतेय.

कुठल्या तरी दुसऱ्या टीमच्या चाहत्याने तो व्हिडिओ शोधून कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेकडे धाडला होता. संघटनेचा नियम असा की प्रोफेशनल टीमकडून खेळलेल्याला कॉलेजकडून खेळता येत नाही. तो नियम सध्या पार खिळखिळा झालाय हा भाग वेगळा. देशभर कोर्टांत याच वादाच्या केसेस पडल्यात. परदेशात रीतसर पगार घेऊन खेळलेली पोरं इथे येऊन कॉलेजच्या टीमची जर्सी घालतात, कोणाला परवानगी मिळते, कोणाला नाही. आणि अडकली कोण? तर ही. खेळणं गेलं की स्कॉलरशिप गेली, स्कॉलरशिप गेली की डिग्री अर्धवट सोडून बॅग भरायची.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तू कोणत्या प्रोफेशनल डिव्हिजनमध्ये खेळलीस गं?”

“सूतगिरणीकडून खेळले ताई. स्पर्धेत आमची टीम व्यावसायिक गटात होती. काकांनी विचारलं तर मी तेच सांगितलं.”

मी खुर्चीत मागे टेकले आणि मोठ्याने हसले. पोरगी बिचारी बघतच राहिली. पण मी नागपूरची. आमच्या वस्तीसमोरच्या मैदानावर कबड्डीचे सामने बघत मोठी झालेय. तिथे शाळा-क्लबांचा स्थानिक गट वेगळा, आणि बँका, रेल्वे, कारखाने यांच्या टीमचा व्यावसायिक गट वेगळा. दिवसभर कारकुनी करायची, संध्याकाळी चड्डी घालून मैदानात उतरायचं, हा आमचा व्यावसायिक गट! आणि काकांनी त्याचं प्रोफेशनल डिव्हिजन करून टाकलं.

“रडायचं नाही,” मी तिला म्हटलं. “ही केस आपण जिंकणार.”

“नक्की?”

माझ्या खुर्चीमागे बाबासाहेबांचा फोटो आहे. मी त्याकडे बोट केलं. “यांच्यासमोर मी क्लायंटला खोटी आशा लावत नाही.”

दुसऱ्या दिवशी काकांच्या घरी गेले. शीला काकूंनी पोहे पुढे केले. काका सोफ्यावर तोंड पाडून बसलेले. त्यांना सगळं कळलं होतं.

“जागृती, पोरीचं वाटोळं झालं गं माझ्यामुळे,” ते म्हणाले. “दोन दिवस घास उतरत नाहीये.”

“मग आता कोर्टात या आणि सांगा, मी वाढवून बोललो म्हणून.”

ते ताठ झाले. “म्हणजे मी खोटं बोललो असं सांगू? शपथेवर? अगं, चाळीस वर्षं सूत्रसंचालन करतोय मी. शीला, ऐकलंस का, मला खोटारडा म्हणतेय ही!”

“मग काय चुकीचं म्हणतेय?” स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. “आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला मला सुप्रसिद्ध गायिका म्हणालात. मी आरतीत पण टाळ्याच वाजवते.”

काका हळूच म्हणाले, “कौतुक आणि खोटं यात फरक असतो.”

“तोच फरक जजसाहेबांना समजावून सांगायचा आहे,” मी म्हटलं. “तो तुम्हाला जमेल त्याहून चांगला कोणाला जमणार?”

तेवढ्यावर गडी तयार झाला. पण ‘खोटं’ हा शब्द तोंडातून काढणार नाही, ही अट घालूनच.

ऑगस्टमध्ये सुनावणी लागली. सीझन सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते, म्हणून मी तातडीचा मनाई हुकूम मागितला होता: संघटनेने सुवर्णाला या सीझनमध्ये अडवू नये. जज ओडम नावाच्या बाई, पांढरे केस, चेहऱ्यावर काही म्हणून दिसू द्यायचं नाही अशी शिस्त. संघटनेचा वकील कॅल्डवेल, सूट असा की बघत राहावं, आणि बोलणं लोण्यासारखं मऊ. असली मऊ माणसं फार चावतात. कोर्टात सगळं इंग्रजीतच चाललं होतं, मी तुम्हाला मराठीत सांगतेय एवढंच.

आधी सुवर्णाला उभं केलं. माझे प्रश्न सरळ होते. टीममध्ये कोण होतं? गिरणीतल्या बायका. त्या काय करायच्या? सकाळी सुताच्या कांड्या भरायच्या, संध्याकाळी सराव. पगार कशाचा? कांड्या भरण्याचा. तू गिरणीत नोकरीला होतीस? नाही, मी अकरावी-बारावीत होते. मग टीममध्ये कशी? उंच बाई कमी पडायची म्हणून कामगारांच्या मुलींना घ्यायचे. तुला काय मिळालं? बूट, ट्रॅकसूट, आणि सामना असेल त्या दिवशी जेवण.

मग कॅल्डवेल उठला.

“आणखी काही मिळालं नाही? आठवून सांगा.”

सुवर्णा प्रामाणिक. मी आतल्या आत कपाळावर हात मारला. “बेस्ट प्लेयर म्हणून एकदा मिक्सर मिळाला,” ती म्हणाली.

कॅल्डवेलचे डोळे चमकले. “मिक्सर! म्हणजे स्टुडिओत वापरतात ते साउंडचं यंत्र? ते तर बरंच महाग असतं.”

“नाही सर. चटणीचा.”

जज ओडमबाईंनी मान वर केली. “कशाचा?”

“चटणीचा, युअर ऑनर. आई त्यात शेंगदाण्याची चटणी वाटते. आता त्याचं झाकण नीट बसत नाही, हाताने दाबून धरावं लागतं.”

मागे कोणी तरी फिसकन हसलं. पण कॅल्डवेल हसण्यावर जाणारा नव्हता. त्याने पडद्यावर व्हिडिओ लावला. काकांचा आवाज कोर्टभर घुमला. प्रोफेशनल प्लेयर. प्रोफेशनल डिव्हिजन. त्याने बरोबर त्या जागी चित्र थांबवलं, जिथे सुवर्णा मान डोलावतेय.

“मिस तायडे, तुम्हाला इंग्रजी येतं?”

“हो.”

“तुमच्याबद्दल काय सांगितलं जातंय ते तुम्हाला कळत होतं?”

“हो.”

“ते खरं नव्हतं तर तुम्ही तिथल्या तिथे का नाही सांगितलं? शंभर माणसांसमोर तुम्ही मान डोलावलीत. हसलात. आणि आता म्हणताय की तसं नव्हतंच?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, आम्ही उत्तरही तयार केलं होतं: वडीलधाऱ्या माणसाला मध्येच तोडत नाहीत आमच्यात. ते उत्तर बरोबर होतं. पण सुवर्णाने ते दिलंच नाही. ती पडद्यावरच्या स्वतःकडे बघत राहिली.

“सर, गिरणीच्या ग्राउंडवर पण माइक असायचा,” ती म्हणाली. “प्रत्येक बाईचं नाव घ्यायचे. माझं नाही घ्यायचे. मी कामावर नव्हते ना, मस्टरवर माझं नाव नव्हतं. मी स्मॅश मारला की माइकवर म्हणायचे, भानुदासच्या पोरीचा पॉइंट. दोन वर्षं मी भानुदासची पोरगीच होते. मिक्सर देताना पण स्टेजवर तेच म्हणाले. बाबांना छान वाटायचं, मलाही वाटायचं. पण मनात यायचं, एकदा तरी नाव घ्या.”

ती घोटभर पाणी प्यायली.

“पाडव्याला काकांनी माइकवर माझं पूर्ण नाव घेतलं. सुवर्णा भानुदास तायडे. शाल घातली. पुढे ते काय काय बोलले ते कळत होतं मला. चूक आहे हे पण कळत होतं. पण सर, मला इतकं बरं वाटत होतं की मला ते थांबवावंसंच वाटलं नाही.”

कॅल्डवेलने हातातले कागद जुळवले. मग म्हणाला, “म्हणजे तुम्ही तेव्हा सत्य लपवलंत,” आणि खाली बसला. माणूस त्याचं काम करत होता, पण मला त्या क्षणी त्याच्या त्या सुंदर सुटावर अख्खी चटणी ओतावीशी वाटली.

वरवर बघता अवघड झालं होतं. काका बोलले ते चूक होतं हे पोरीने सांगितलं होतं, पण आपण जाणूनबुजून ते थांबवलं नाही हेही कबूल केलं होतं. आणि व्हिडिओतला तो आवाज अजून सगळ्यांच्या कानात होता. आता तो आवाज ज्याचा, त्यालाच उभं करायचं होतं.

पुरुषोत्तम काका साक्षीदाराच्या खुर्चीत असे बसले जणू मंडळाचा वर्धापनदिन आहे. समोर माइक होता. त्यांनी आधी त्यावर टिचकी मारून बघितली! मी डोळे मिटले आणि उघडले.

“मिस्टर रिसबूड, व्यावसायिक गट म्हणजे काय?”

“व्यवसाय म्हणजे उद्योग, नोकरी, पोटापाण्याचं काम,” काका म्हणाले. “ज्यांना दिवसा दुसरं काम आहे अशा लोकांच्या टीम त्या गटात असतात. गिरणीवाले, बँकवाले.”

“म्हणजे खेळणं हा ज्यांचा व्यवसाय नाही, ते व्यावसायिक गटात?”

“अगदी बरोबर!”

जजबाईंनी पेन थांबवलं. “हे जरा परत सांगा.”

काकांनी परत सांगितलं, या खेपेला हातवाऱ्यांसकट.

“मग तुम्ही इंग्रजीत प्रोफेशनल का म्हणालात?” मी विचारलं.

काका गडबडले. “ते... भाषांतर...”

“भाषांतर तुम्हाला येतं. तुम्ही आत्ता किती छान समजावलंत. मग स्टेजवर का नाही?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाईट वाटलं. तो एक शब्द त्यांना बोलायचा नव्हता. मीही तो त्यांच्या तोंडून ओढून काढणार नव्हते. माझ्याकडे दुसरी वाट होती.

“बरं, ते राहू द्या. मिस्टर रिसबूड, समजा उद्या मंडळात माझा सत्कार आहे. हा माइक तुमच्या हातात आहे. माझी ओळख करून द्या.”

“ऑब्जेक्शन,” कॅल्डवेल उठला. “याचा केसशी काय संबंध?”

“संबंध लगेच कळेल, युअर ऑनर.”

जजबाई काकांकडे बघत होत्या. मला वाटतं त्यांनाही उत्सुकता होती. “चालू द्या,” त्या म्हणाल्या.

आणि काका उभे राहिले. बसा म्हटलं तरी ऐकेनात. जाकिटाचं बटण लावलं, घसा साफ केला, आणि सुरू! मंडळी, आज आपल्यामध्ये आहेत सुप्रीम कोर्टाच्या ख्यातनाम विधिज्ञ, ज्यांच्या नुसत्या नावाने भल्याभल्या वकिलांना घाम फुटतो, अमेरिकेच्या कायदेविश्वात ज्यांनी इतिहास घडवला, अशा आपल्या लाडक्या जागृतीताई मेश्राम! सवयीने स्वतःच टाळ्याही वाजवल्या.

कोर्टातला पोलीस तोंडावर हात धरून भिंतीकडे वळला.

“धन्यवाद,” मी म्हटलं. “मी सुप्रीम कोर्टात किती केसेस चालवल्या आहेत?”

“एकही नाही,” काका म्हणाले.

“हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“माहीत होतं की.”

“इतिहास कोणता घडवला?”

“शेजाऱ्याच्या कुंपणाची केस जिंकलीस ना!”

“तुम्ही शपथेवर आहात. मग आत्ता असं का म्हणालात?”

काकांनी हात पसरले. त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं होतं की एवढी साधी गोष्ट मला कळू नये. “अगं, सत्कार आहे!” ते चक्क मराठीत ओरडले.

भाषांतर मागायची वेळच आली नाही. जज ओडमबाई हसत होत्या. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. मग व्हिडिओतल्या थांबलेल्या चित्राकडे, मान डोलावणाऱ्या सुवर्णाकडे, बराच वेळ बघितलं.

कॅल्डवेलने काकांना एकच प्रश्न विचारला. “मिस्टर रिसबूड, पाडव्याला तुम्ही जे बोललात ते खोटं होतं, हो की नाही?”

काका सुवर्णाकडे बघत होते. त्यांचा तो दणदणीत आवाज कुठल्या कुठे गेला.

“खोटं होतं,” ते म्हणाले. “मी खोटं बोललो. फक्त तिचं नाव खरं सांगितलं.”

चाळीस वर्षांचं सूत्रसंचालन त्या माणसाने एका वाक्यात खाली ठेवलं. काकूंनी बाकावर पदर डोळ्यांना लावला.

जजबाईंनी निकाल तिथेच दिला. कामगारांच्या टीममध्ये हौसेने खेळलेली, मस्टरवर जिचं नावसुद्धा नाही अशी मुलगी प्रोफेशनल कशी, हे संघटनेला दाखवता आलेलं नाही. समारंभातल्या स्तुतीवरून कोणाची पात्रता ठरत नाही, ठरायला लागली तर या देशातल्या प्रत्येक निवृत्ती समारंभानंतर खटले भरावे लागतील. मनाई हुकूम मंजूर. सुवर्णा तायडे हा सीझन खेळणार.

सुवर्णाने मला अशी मिठी मारली की बरगड्या वाजल्या. स्मॅश मारणारे हात ते!

सप्टेंबरमधल्या घरच्या पहिल्या मॅचला आम्ही सगळे गेलो. काका, काकू, मी, आणि मंडळाची दोन गाड्या भरून माणसं. काकूंनी डब्यातून चिवडा आणला होता. तो दारावरच्या बाईने आत नेऊ दिला नाही, म्हणून आम्ही पार्किंगमध्ये उभ्याने संपवला.

आत दिवे मंद झाले. एकेका खेळाडूचं नाव माइकवर घेत होते. नाव घेतलं की ती पोरगी धावत मध्ये जायची. मी फोन घट्ट धरून बसले होते, का ते मलाही कळत नव्हतं. आणि मग तो अमेरिकन आवाज म्हणाला, “नंबर सात, सुवॉर्ना टायडी!”

बस्स. पुढे काही नाही. सुवर्णा धावत आली, हात वर केला, आणि दिव्यांच्या दिशेने बघून हसली. फोनवर बुलढाण्याला व्हिडिओ कॉल लावला होता. तिकडे पहाट होती. भानुदासराव फोनच्या इतके जवळ बसले होते की नुसतं कपाळच दिसत होतं. मला रडू फुटलं, मी लपवलंही नाही.

“एवढंच?” काका अस्वस्थ होऊन म्हणाले. “नुसतं नाव? तेही चुकीचं? अगं, मला माइक देतात का बघ जरा!”

“काका!” मी आणि काकू एकदमच ओरडलो.

ते खाली बसले. थोड्या वेळाने माझ्या हातातल्या फोनकडे वाकून भानुदासरावांना म्हणाले, “नमस्कार. मी सुवर्णाचा काका बोलतोय.”

“नमस्कार साहेब,” तिकडून कपाळ म्हणालं. “मी सुवर्णाचा बाप.”